'गाव कोणतं' मास्तर

आमचे इंग्रजीचे मास्तर शब्दांची चौकशी पाहुण्यासारखी करत. नवा वाक्प्रचार आला की खडू खाली ठेवून विचारत, "याचं गाव कोनतं?" गोंदियाच्या आमच्या शाळेत त्यांचं नावच 'गाव कोणतं' पडलं होतं. इंग्रजी ते साहेबासारखं वाचत. अर्थ मात्र आपल्या अर्जुनी मोरगावकडच्या बोलीत सांगत.

बेचाळीसच्या पावसाळ्यात 'रायटिंग ऑन द वॉल' आलं. मास्तर सांगू लागले, "बाबिलोनचा राजा देवळातून लुटलेल्या पेल्यांत दारू पिऊन राहिला होता. तेवढ्यात एक हात दिसला, नुसता हात, आन् भिंतीवर लिहून गेला. कोनालेच वाचता आलं नाही. शेवटी कैद करून आनलेल्या एका परदेशी मानसानं वाचलं, तुझे दिवस भरले. त्याच राती राजा मेला. तवापासून कोनाचा शेवट दिसू लागला की साहेब म्हनते, भिंतीवर लिहिलं आहे."

"राजाले काऊन नाही वाचता आलं, गुरुजी?" माझ्या बाकावरच्या सुकरामनं विचारलं.

"त्याले वाचायचंच नसंन," मास्तर म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या भिंतीवर डांबरानं लिहिलेलं दिसलं, 'चले जाव'. पोलीस जमादार आला. आम्हाला रांगेत उभं केलं. वह्या तपासणाऱ्या मास्तरांना सगळ्यांचं अक्षर ठाऊक होतं, म्हणून त्यांना बोलावलं. शेजारी उभ्या सुकरामनं दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

"किसका हाथ है, मास्टरजी?"

मास्तरांनी जवळ जाऊन ते दोन शब्द नीट वाचले. "पहचानता हूँ," ते म्हणाले. "बताऊँगा नहीं."

नोकरी त्याच दिवशी गेली. तुरुंगात नेताना त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर नजर एकाच मुलावर थांबली असती.

सुटल्यावर ते गावी शेती करतात, एवढं कळलं होतं. जाऊ जाऊ म्हणता स्वराज्य आलं, तेव्हा कुठे मी आणि सुकराम गेलो. दारात काकू, मास्तरांच्या पत्नी, उभ्या होत्या.

"मागच्या वर्षी गेले," त्या म्हणाल्या. "जेलातून खोकला घेऊन आले, तो सुटलाच नाही. बसा, जेवून जा."

सुकरामनं हातातला घास पानात ठेवला. "काकू, भिंतीवर मी लिहिलं होतं."

काकूंनी भाताचं भांडं जवळ ओढलं. मग त्यांनी त्याच्या पानात आणखी भात वाढला. "जेव बाबा."

घरामागे धान पिकून उभं होतं आणि कापायला माणूस नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच स्टेशनवर गेलो. सुकराम विळा घेऊन धानाच्या बांधीत उतरला होता.