खंड्या जेवत नाही

लेथवर काम केलेल्या माणसाला विचारा. मशीनखालचा लोखंडाचा कीस संध्याकाळी कितीही झाडून काढा, दुसऱ्या दिवशी दुपारी पायाखाली पुन्हा तेवढाच! कारखान्यातल्या गोष्टींचंही तसंच आहे. एक सांगायला बसलं की तिच्याखालून चार निघतात. परवा नातीनं विचारलं, "आजोबा, तुमच्या वेळी कुत्र्यांना डॉक्टर होते का हो?"

म्हटलं, "होते की! पावणेदोनशे होते. सगळे आमच्याच कारखान्यात!"

ती म्हणाली, थापा मारू नका. थापा नाहीत हो. ऐका.

* * *

पन्नासच्या दशकातली पिंपरी म्हणजे रेल्वेलाइनच्या अलीकडे आमचा कारखाना आणि पलीकडे बाजरीची शेतं. मी टर्नर. पवनेपलीकडे काळेवाडीत खोली घेऊन राहायचो. गेटवर धोंडिबा जमादार होता, सांगवीचा, पलटणीतून रिटायर झालेला. त्याच्या मिशा अशा, की नवीन माणूस आधी मिशांना नमस्कार करायचा आणि मग जमादाराला.

या जमादाराला ऐन चंपाषष्ठीला गेटपाशी कुत्र्याचं पिल्लू सापडलं. खंडोबाच्या दिवशी दारात आलेलं कुत्रं, हाकलणार कोण? नाव ठेवलं खंड्या. वर्षाच्या आत त्याचा चांगला दांडगा गडी झाला. भोंगा वाजला की हा मान वर करून त्याच्यासोबत सूर लावायचा आणि भोंगा थांबल्यावरसुद्धा थोडा वेळ चालूच ठेवायचा.

सकाळी आत शिरताना प्रत्येकानं डबा उघडून एक घास खंड्याला द्यायचा, हा जमादाराचा कायदा. "पयला घास देवाचा, दुसरा खंड्याचा, उरला तर तुमचा!" पावणेदोनशे माणसं, पावणेदोनशे घास. मेहबूबभाई फिटर म्हणायचे, "अख्ख्या कंपनीत पोटभर खाणारा एकच, आणि तोच बिनकामाचा!"

जमादाराची बायको एकदा गेटवर आली होती. ती आम्हाला म्हणाली, "घरी माझ्याशी दोन शबुद बोलत न्हाईत, आन् हितं बगा, कुत्र्याला समदी लढाई सांगत्यात."

जमादार म्हणाला, "त्यो मधी बोलत न्हाई."

* * *

आता बिल्ल्याचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गेटच्या आत एक फळा होता. त्यावर खिळ्यांना प्रत्येकाचा पितळी बिल्ला टांगलेला, रुपयाएवढा, वर नंबर ठोकलेला. आपला बिल्ला काढायचा, शेजारच्या पेटीत टाकायचा, झाली हजेरी. भोंगा झाला की लिमये टाइमकीपर पेटीला कुलूप घालणार. लिमये म्हणजे काटेकोर माणूस! कपड्याला सुरकुती नाही आणि बोलण्याला लाडीगोडी नाही. दुसऱ्याचा बिल्ला टाकताना कोणी सापडला, तर टाकणारा आणि टाकवणारा दोघंही घरी.

माझा नंबर एकशे बारा. पवनेला पाणी चढलं की होडीवाला होडी काढत नसे आणि मला उशीर व्हायचा. मग माझा दोस्त शंकर माझा बिल्ला हळूच टाकायचा. शंकर चिपळूणचा, ड्रिलवर होता.

एकदा असाच मी पलीकडच्या काठावर अडकलेलो. इकडे शंकरनं दोन्ही बिल्ले काढले, खंड्याच्या घासासाठी डबा उघडला आणि बघतो तर लिमये पेटीला टेकून उभे! शंकरनं आपला बिल्ला टाकला. माझा मुठीतच.

"डब्यात काय लपवलंत?" लिमये म्हणाले.

"सुके बोंबील, साहेब. घेता का एक?"

लिमये नाकाला रुमाल लावून थेट ऑफिसात!

पाणी उतरल्यावर दुपारच्या सुट्टीत मी गेटवर पोचलो, तेव्हा शंकर म्हणाला, "घाबरून बिल्ला डब्यातच खुपसला रे मी." डबा उलटा केला, भाकरी उलगडून पाहिली, काटेसुद्धा चाळले. बिल्ला नाही. घाईत कुठंतरी पडला असणार, असं आम्ही ठरवलं आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी मी लिमयांपुढे जाऊन बिल्ला हरवल्याचं सांगितलं.

"बिल्ला आहे तो कंपनीचा माणूस," लिमये म्हणाले. "बिल्ला नाही तो रस्त्यावरचा, बेवारशी. तुम्ही कोण, हे मला कसं कळणार?"

"मी सांगतोय ना साहेब, मी मीच आहे!"

"तुमच्या सांगण्याला रजिस्टरात कॉलम नाही."

मला नवीन नंबर मिळाला, दोनशे चार. एकशे बाराची ओळ रजिस्टरात रिकामी राहिली.

* * *

त्याच सुमाराला खंड्यानं खाणं सोडलं.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, अजीर्ण झालं असेल. एवढे घास खाल्ल्यावर माणसालाही होईल. दुसऱ्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून पडला. तोंडातून लाळ गळत होती, पुढच्या पायानं गालफड ओरबाडत होता. डोक्याला हात लावला की किंचाळायचा. भोंगा झाला, खंड्या गप्प. तो भोंगा ऐकताना फार वाईट वाटलं.

आणि मग सगळे डॉक्टर झाले!

मेहबूबभाईंनी चारी पाय दुरून न्याहाळले आणि म्हणाले, "जमादारसाब, मागच्या डाव्या पायाचं बेअरिंग गेलं." इलेक्ट्रिशियन म्हणाला, "नाही, आत कुठंतरी शॉर्ट आहे, म्हणून हात लावला की ओरडतो." फाउंड्रीवाले म्हणाले, उष्णता झाली. स्टोअरवाला म्हणाला, दृष्ट लागली. आमचा फोरमन दहा मिनिटं डोकं खाजवून म्हणाला, "याला एक दिवस बंद ठेवून बघा."

कँटीनच्या आचाऱ्याला तर कोणी काही विचारलंही नव्हतं. तो स्वतःच येऊन सांगून गेला, "माझ्याकडचं त्यानं काही खाल्लेलं नाही हां!"

जमादार प्रत्येकाचं ऐकायचा. ज्यानं जे सांगितलं ते केलं. पाय चोळले, ओवा दिला, लिंबू उतरवलं, भंडारा लावला. खंड्या फक्त त्याच्याकडे बघायचा आणि डोळे मिटायचा.

* * *

घरोघरून पदार्थ यायला लागले. मेहबूबभाईंच्या घरून पायाचा रस्सा, कोणाकडून शिरा, कोणाकडून उकडलेली अंडी. शंकरनं तर मुद्दाम बोंबील तळून आणले, खंड्याचा जीव की प्राण. खंड्यानं वास घेतला, शेपूट हलवली, तोंड जवळ नेलं आणि कळवळून मागं सरला. भूक होती हो त्याला! खाता येत नव्हतं.

एक दिवस सकाळी टाइम ऑफिसच्या खिडकीखाली वाटीत दूध-पोळी कुस्करून ठेवलेली. कोणी ठेवली? सगळे नाही म्हणाले. लिमये म्हणाले, "मला काय माहीत?" पण वाटीच्या बुडावर 'लिमये' कोरलेलं होतं!

चौथ्या दिवशी जमादाराची बायको पुन्हा आली. हातात भरलेला डबा. "ह्यो कालचा. जसा धाडला तसा परत. कुत्रं जेवत न्हाई म्हनून मानूस बी जेवत न्हाई. आता म्या कुनाला औशीद करू?"

जमादार मान खाली घालून म्हणाला, "त्येच्याम्होरं घास उतरत न्हाई गं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही सगळे आपापल्या मशीनकडे चालते झालो.

* * *

चिंचवडला टांग्याच्या घोड्यांना औषध देणारा एक सलोतरी होता. त्याला बोलावलं. तो गेटपासून दहा हात लांब उभा राहिला, लाळ पाहिली आणि म्हणाला, "पिसाळलंय." आणि उलट्या पावली निघाला.

"जवळ येऊन बगा की!" जमादार ओरडला.

"मला बायकापोरं आहेत!"

झालं. बातमी मोठ्या साहेबांपर्यंत गेली. नोटीस लागली. लिमयांनाच टाइप करावी लागली. 'गेटवरील बेवारशी कुत्रे शनिवारी दुपारी एकच्या भोंग्यानंतर बंदूकवाल्याकडून नष्ट करण्यात येईल.' शुक्रवार होता.

जमादारानं बादलीभर पाणी आणून खंड्यापुढे ठेवलं. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं म्हणतात. खंड्यानं सरळ बादलीत तोंड घातलं!

"बगा! पान्याला भीत न्हाई! लिमयेसाहेब, तुमी बगितलं!"

"बघितलं. पण प्यायला का?"

पाणी सगळं तोंडातून बाहेर गळत होतं.

"न्हाई," जमादार म्हणाला.

लिमयांनी नोटीस काढली नाही. पण नोटिशीसमोर बराच वेळ उभे राहिले, तेही ड्युटीच्या वेळात.

* * *

शनिवारी सकाळी मेहबूबभाई माझ्या लेथपाशी आले. म्हणाले, "एक काम कर. सागवानाचा दांडा घे, चार बोटं लांब. दोन्ही टोकांना खाच पाड. खंड्याच्या दाढांमध्ये अडकवतो, म्हणजे तोंड मिटणार नाही. आपण मशीन न खोलता रिपोर्ट देतोय सगळे, हीच चूक झाली."

मी दांडा बनवून दिला. फाउंड्रीतून चामड्याचे मोजे आणले. दुपारी एकच्या आत जेवढी माणसं गेटवर जमली, तेवढी स्वातंत्र्यदिनाच्या झेंड्यालाही जमत नसत. लिमये रजिस्टर बगलेत धरून उभे.

जमादारानं मोजे घातले आणि लगेच काढून फेकले. "ह्यानं बोटांस्नी कायबी कळत न्हाई."

"धोंडिबा, चावला तर पोटात चौदा इंजेक्शनं!" लिमये पहिल्यांदाच ओरडले.

"घीन की. प्वाट तर रिकामंच हाय."

मेहबूबभाईंनी जबडा धरला, मी दांडा अडकवला.  जमादारानं कोपरापर्यंत बाही सारली आणि उघडा हात खंड्याच्या तोंडात घातला. तोंडानं एकसारखं, "माझ्या वाघा, माझ्या राजा, थोडकं सोस." खंड्या किंचाळला, पण चावला नाही. जमादाराची बोटं टाळूपाशी चाचपडत होती. मग त्यानं काहीतरी धरून जोरात हिसका दिला.

हातात आली एक काळीकुट्ट चकती. वरच्या दोन दाढांमध्ये आडवी, टाळूला घट्ट बसली होती.

जमादारानं ती पँटला पुसली. पितळ चमकलं. एकशे बारा!

शंकर माझ्या कानात कुजबुजला, "मेल्या, तो बोंबील! बिल्ला बोंबलाला चिकटला असणार, आणि तोच घास मी खंड्याला दिला!"

 नोकरी गेली, माझीही आणि शंकरचीही. पण त्या कुत्र्यानं सहा दिवस माझा बिल्ला सोसला होता. मी पुढे झालो. "साहेब, माझा आहे. मीच दुसऱ्याला टाकायला सांगितला होता."

"त्या दुसऱ्याचं नाव मी विचारलेलं नाही," लिमये म्हणाले. "तुमचं सोमवारी बघतो."

जमादारानं माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा त्यानं कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. पण तेवढ्यात बादलीकडून लपालपा आवाज आला. खंड्या पाणी पीत होता! अर्धी बादली प्यायला. मग त्यानं जमादाराच्या हातातला दूधभात खाल्ला, कण्हत कण्हत, पण खाल्ला. जमादार मिशा पुसत होता आणि मिशा पुन्हा भिजत होत्या.

नळावर मेहबूबभाई हात धूत होते. कुत्र्याची लाळ लागली म्हणून त्यांच्या धर्मातल्या रिवाजाप्रमाणे सात वेळा, शिवाय एकदा मातीनं. मध्येच म्हणाले, "अरे, पाच झाले की सहा?"

"पाच," लिमये म्हणाले. ते मोजत होते!

इतक्यात एकचा भोंगा झाला. खंड्यानं मान वर केली आणि सूर लावला. आवाज बसलेला होता, पण लावला. आणि त्याच वेळी सायकलवरून बंदूकवाला आला. खांद्यावर बंदूक, हातात ऑर्डरचा कागद.

"बेवारशी कुत्रं आहे म्हणे इथं. कुठंय?"

 जमादार खंड्याच्या आडवा उभा राहिला.

लिमयांनी जमादाराच्या हातातला बिल्ला घेतला. खिशातून सुतळी काढली, भोकातून ओवली आणि खाली वाकून खंड्याच्या गळ्यात बांधली. मग रजिस्टर उघडलं, एकशे बाराच्या रिकाम्या ओळीत काहीतरी लिहिलं, शाईवर फुंकर मारली आणि मान वर न करता म्हणाले,

"बेवारशी? इथे सगळे हजेरीपटावर आहेत."