पार्सलात भरलेली ओटी

आपली मुलगी खोटारडी आहे असं ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा सरकारी कागदावर टाइप होऊन पडलंय, ही एक गोष्ट विमलच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. कुकर लावताना, कपडे वाळत घालताना, टीव्हीवरच्या बातम्या लागल्या की, तो कागद तिच्या डोळ्यांपुढे येऊन उभा राही. ‘पाठवणाऱ्याने खोटी माहिती दिली.’ पाठवणारी म्हणजे रतन. आणि रतनने आयुष्यात एकाही कागदावर खोटी सही केली नव्हती.

रतनला ओळखणाऱ्या कुणालाही हे शपथेवर सांगता आलं असतं. वागळे इस्टेटमधल्या एका कापड एक्स्पोर्ट करणाऱ्या कंपनीत तिने नऊ वर्षं कागदपत्रांचं टेबल सांभाळलं होतं. “आई, कापड खराब निघालं तर माणसं भांडतात. कागद खराब निघाला तर अख्खा कंटेनर बंदरात बसून राहतो,” असं ती सांगायची, आणि घरात वाण्याची चिठ्ठीसुद्धा तारीख टाकून ठेवायची. तिचे वडील सहदेव तिला चिडवायचे, “हिला स्थळ सांगून आलं तर आधी मुलाचा जन्मदाखला तीन प्रतींत मागेल.” रतन म्हणायची, “तीन नाही बाबा, चार. एक ऑफिस कॉपी.”

सत्त्याण्णव साली कंपनी बंद पडली. रतन तेव्हा एकोणतीस वर्षांची. दोन महिने ती पेपरातल्या जाहिरातींना पेनाने गोल करत बसली, मग डोंबिवली स्टेशनजवळ नव्यानेच निघालेल्या सायबर कॅफेत जायला लागली. तिथे तासाप्रमाणे कॉम्प्युटर मिळायचा. इंटरनेटवर लिलावाची एक साइट होती. जगातलं कुणीही तिथे काहीही विकायला ठेवू शके आणि जगातलं कुणीही बोली लावू शके. रतनने पहिल्यांदा ठेवला तो शेजाऱ्यांच्या माळ्यावरचा पितळी अडकित्ता. तो हॉलंडमधल्या एका दाताच्या डॉक्टरने घेतला. सहदेव तीन दिवस हसत होते. “सुपारी कातरणार का दाढा?”

पण तिचं बस्तान बसत गेलं. ठाण्या-डोंबिवलीत जुन्या घरांच्या जागी इमारती उठत होत्या. नव्या फ्लॅटमध्ये न मावणारी समई, तांब्याचा बंब, शिसवी पाट लोक रतनकडे आणून देत. फोटो काढायचा, स्कॅन करायचा, इंग्रजीत चार ओळी लिहायच्या, आणि वस्तू गेली की स्वतःचा वाटा ठेवून बाकीचं मालकाच्या हातात. एकदा कॅनडाला समई गेली ती वरचा मोर मोडून पोचली. एकदा एका गिऱ्हाइकाने लिहिलं की खोक्यात नुसता पेपर निघाला, वस्तू नव्हतीच. वस्तू वाटेत गेली की तो माणूसच लबाड, हे कळायला काही मार्ग नव्हता. रतनने मालकाला आपल्या खिशातून भरपाई दिली आणि त्या दिवसापासून नियम केले. प्रत्येक वस्तूचा चारी बाजूंनी फोटो. मौल्यवान असेल तर विमा. आणि खोक्यात जे आहे तेच फॉर्मवर, जे फॉर्मवर आहे तेच खोक्यात.

कमळाकाकूंची पैठणी तिच्याकडे आली ती विमलच्या शब्दामुळे. विमलचं माहेर नौपाड्यातलं, आणि कमळाकाकू तिथल्या शेजारीण. विमल बीएस्सीला असताना वनस्पतिशास्त्राची जर्नल्स काकूंच्या ओटीवर बसून पुरी करायची. आता काकू ऐंशीला टेकल्या होत्या. मूलबाळ नाही. लग्नातली पैठणी ट्रंकेत. डाळिंबी रंग, मोरांचा पदर, खरी जर.

“घडीवर विरायला लागलीय गं,” काकू म्हणाल्या होत्या. “माझ्यामागं पुतणे जर वितळवतील. मला पैशांचं काही नाही. कुणाच्या तरी कपाटात नीट राहावी, एवढंच बघ.”

साइटवर आठ दिवस बोली चढत गेली आणि पैठणी मेलबर्नच्या हेलन नावाच्या बाईंनी घेतली. त्या कॉलेजात विणकाम शिकवत. त्यांनी लांबलचक ई-मेल लिहिलं होतं: पैठणी घडी करून ठेवणार नाही, गुंडाळून ठेवीन, विद्यार्थ्यांना हातमोजे घालूनच दाखवीन. रतनने ते छापून आणून काकूंना मराठीत वाचून दाखवलं. काकू ऐकताना पदराने चष्मा पुसत होत्या. “हातमोजे घालून!” त्या म्हणाल्या. “आमच्या सासूबाईंनी हात तरी धुतले होते का कधी!”

पॅकिंग रतनने दोन दिवस केलं. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर मलमल, त्यावर पैठणी गुंडाळलेली, त्यावर पुन्हा मलमल, मग खोकं. बुधवारी संध्याकाळी खालच्या वाण्याकडे वजन करून आणलं, त्याच्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं. गुरुवारी सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा खोकं दिवाणावर उघडं होतं. फक्त टेप लावायची बाकी.

विमल त्याच्यापाशी उभी राहिली. काकूंची लग्नातली साडी चालली होती, आणि अशी कोरडी. साडी रिकामी देत नाहीत. ती घेणारी हेलन असो नाहीतर हौसाबाई, आपल्या घरून तिला साडी जातेय म्हणजे तिची ओटी भरायला हवी. विमलने विचार असा केलाच नाही, हातच गेले. ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, कुंकवाची पुडी. सगळं एका जुन्या खणाच्या तुकड्यात बांधून तिने ती पुरचुंडी नळीच्या पोकळीत सरकवली. वर कागदाचा बोळा. रतन डोकं पुसत बाहेर आली, टेप लावली, खोक्यावर पत्ता लिहिला. विमलने मनातल्या मनात हात जोडले.

दोघी मिळून कल्याणला उत्तमरावांच्या कुरिअरच्या ऑफिसात गेल्या. गर्दी होती. “ताई, खोकं ठेवा इथं टेबलामागं, चहा घेऊन या,” उत्तमराव म्हणाले. चहा घेऊन परत आल्यावर त्यांनी खोकं काट्यावर ठेवलं.

“उत्तमराव, आमच्या वाण्याकडे दोनशे ग्रॅम कमी होतं,” रतन म्हणाली. “तुमचा काटा सुटलाय.”

“कल्याणचं पाणी, ताई. इथं येऊन सगळंच अंग धरतं. माझ्याकडं बघा की.”

त्यांच्या पोटाकडे बघून रतन हसली. विमलही हसली. तिथेच सांगता आलं असतं. पण मागे माणसं उभी होती, रतन फॉर्मवर सही करत होती, आणि दोनशे ग्रॅम तांदूळ-खोबऱ्याने असं काय आभाळ कोसळणार होतं? रतनने ज्या रकान्यासमोर ‘नाही’ लिहिलं तो रकाना धान्य, बिया, फळं आणि वनस्पतींचा होता, हे विमलला तेव्हा दिसलं नाही.

पत्र आलं ते चोवीस दिवसांनी, उत्तमरावांच्या मुख्य ऑफिसातून फॅक्सने. रतनने ते स्वयंपाकघरातच वाचलं. पार्सल तिकडच्या तपासणीत उघडलं गेलं. न सांगितलेलं धान्य आणि खोबरं सापडलं. तांदळात जिवंत किडे होते. पाठवणाऱ्याने खोटी माहिती दिली. साहित्य आणि त्याला लागून असलेलं सगळं जप्त. वीस तारखेच्या आत कळवावं, ते स्वखर्चाने परत मागवायचं, कीटकनाशक वायूची प्रक्रिया करून घ्यायची की जाळून टाकायचं. यातलं काय शक्य आहे ते मात्र तपासनीस ठरवतील.

विमलला हातातली पळी ठेवायचंही सुचेना. सोंडे. तिच्या डब्यातले सोंडे. कॉलेजात याच किड्याची आकृती तिने पेन्सिलीने काढली होती, सहा पाय मोजून, सोंडेला बाण करून. परक्या मुलखात असा किडा गेला तर तिथल्या गोदामांचं काय होतं यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. अडाणी बाईने केलं असतं तर एक वेळ गोष्ट वेगळी.

पुढच्या चार दिवसांत रतनने करता येण्यासारखं सगळं केलं आणि त्यातलं काहीच लागू पडलं नाही. विमा कंपनीने सांगितलं, फॉर्म खोटा ठरला म्हणजे विमा बाद. त्या वायूने जुनी जर काळी पडते का, हे मुंबईत तिने तीन ठिकाणी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. हेलनबाईंचं ई-मेल दोन ओळींचं आलं. साइटवर तिच्या नावापुढे लाल खूण पडली आणि खाली, जगात कुणालाही वाचता येईल असं, ‘हिच्यावर विश्वास ठेवू नका.’ रतनने ते आईला वाचून दाखवलं नाही. छापलेला कागद फाइलला लावला, तारीख टाकून.

आणि नौपाड्याहून रोज फोन. “पोचली का गं?”

“वाटेत आहे, आजी,” रतन सांगायची. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहायची. त्या चार दिवसांत तिने खोटं बोलायला सुरुवात केली होती, तेही आपल्यामुळे, असं विमलला वाटलं.

काल जेवताना रतन एकदम म्हणाली, “मला कळलं काय झालं ते.”

विमलचा घास हातात राहिला.

“वाण्याकडे वजन कमी. उत्तमरावांकडे दोनशे ग्रॅम जास्त. मधे खोकं कुठे होतं? त्यांच्या टेबलामागे. आपण चहा प्यायला गेलो तेव्हा. त्यांच्या कुणाचे तरी तिकडे नातेवाईक असणार, टेप उचकटून फुकटात खाऊ धाडला. वर मला हसून सांगतात, कल्याणचं पाणी! उद्या वाण्याची चिठ्ठी घेऊन जाते. लेखी द्यायला लावते. नाही दिलं तर पोलिसात.”

“अगं, पण ते तसे वाटत नाहीत,” विमल म्हणाली.

“आई, तुला सगळेच तसे वाटत नाहीत.”

रतन झोपल्यावर विमलने नवऱ्याला सगळं सांगितलं. सहदेव उठून बसले. मग म्हणाले, “आता सांगून साडी परत येणार आहे का?”

“नाही.”

“विमा मिळणार आहे?”

“नाही.”

“मग कशाला? पोरीला उगाच आईचा राग यायला. उत्तमरावाचं मुख्य ऑफिस मोठं आहे, तो बघून घेईल.”

“अहो, त्यांची नोकरी जाईल.”

“पुराव्याशिवाय कुणाची जात नाही.”

“तिच्याकडे वाण्याची चिठ्ठी आहे,” विमल म्हणाली.

त्यावर सहदेवांनी पांघरूण ओढून घेतलं. ते कुशीवर वळले.

सकाळी रतन नेहमीपेक्षा लवकर तयार झाली. फाइल घेतली, तिच्यात वाण्याची चिठ्ठी आहे ना ते दोनदा पाहिलं. विमल दारापर्यंत गेली. तोंडाशी आलेलं वाक्य तिने तीन वेळा जुळवलं होतं: रतन, तांदूळ मी घातले. एवढंच. पाच शब्दसुद्धा नव्हते. पण रतनच्या चेहऱ्यावर पाच दिवसांनी पहिल्यांदा जरा तरतरी आली होती. कुणीतरी सापडलं होतं. आपण चुकलो नाही, हे तिला लेखी मिळणार होतं.

“डबा घे,” विमल म्हणाली.

“परत येऊनच जेवते.”

रतन जिना उतरली. खाली तिने रिक्षाला हात केला, रिक्षा ठाकुर्लीच्या बाजूला वळली. विमल गॅलरीत उभी होती. हाक मारता आली असती, पण विमलने मारली नव्हती. साडी गेली तर गेली. ती वाचवणं आता तिच्या हातात नव्हतं, रतनच्याही नव्हतं, वीस तारखेला तिकडचा कुणी अनोळखी तपासनीस शाईच्या एका रेघेने काय ते ठरवणार होता. काकूंना आज ना उद्या सांगावं लागणार होतं आणि काकूंना ते ऐकून काय होईल याचा विचारसुद्धा विमलला करवत नव्हता. पण अजून अर्ध्या तासाने कल्याणच्या काउंटरवर, चार गिऱ्हाइकांसमोर, तिची मुलगी एका भल्या माणसाला चोर म्हणणार होती. मनापासून म्हणणार होती. मग तो कागद खरा ठरला असता; रतनने खोटं सांगितलं, असं इथेही लिहिलं गेलं असतं, आणि या वेळी तिच्या स्वतःच्या सहीने.

ती आत आली. सहदेव पेपर वाचत होते. तिने कपाटातून कुरिअरची पावती काढली. वर उत्तमरावांच्या ऑफिसचा नंबर छापलेला होता.

“कुणाला?” सहदेवांनी पेपराआडून विचारलं.

“उत्तमरावांना.”

“विमल, थांब जरा. विचार कर.”

“बसून विचारच करतेय पाच दिवस.”

“पोरगी तोंड बघायची नाही तुझं.”

“नको बघू दे,” ती म्हणाली. तिने रिसीव्हर उचलला. आधी उत्तमरावांना सांगायचं, मग म्हणायचं, रतन आली की तिला काही बोलू देऊ नका, आधी फोन तिच्या हातात द्या. पावती डोळ्यांजवळ धरून विमलने एकेक आकडा दाबायला सुरुवात केली.