पी. पी. नंबर

परवा बँकेने फोनवर थांबायला सांगून धून लावली आणि मी फोन ठेवूनच दिला. मोबाइल घरोघरी येण्याआधी कामतघरच्या आमच्या चाळीत फोन फक्त आमच्याकडे होता. शेजारणीच्या माहेरी निरोपासाठी आमचाच पी. पी. नंबर दिलेला. एका दुपारी टीव्हीवर ‘फोन करा, बक्षीस जिंका’च्या कार्यक्रमात आंब्याचं चित्र आणि पुढे ‘दनी’ ही अक्षरं होती. आमदनी! पोरालाही सुटेल असं कोडं. मी पडद्यावरच्या नंबरला फोन लावला. “लाइन पे बने रहिए,” एवढं म्हणून त्यांनी धून लावली. चाळीमागच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात रिसीव्हर कानाशी दाबून मी दिवेलागणीपर्यंत बसले. उत्तर कुणी विचारलंच नाही. दुसऱ्या सकाळी शेजारणीच्या दारात तिचा भाऊ उभा. “आय गेली गं. काल दुपारपासनं फोन लावला, लागलाच न्हाय. सांजपर्यंत तुझंच नाव घेत व्हती.” शेजारीण माझ्याकडे वळली. “लाइन बंद होती का हो, वहिनी?” मी म्हटलं, “हो गं, कालपासून बंदच आहे.” तिने लगेच मान डोलावली. पुढेही तिच्या माहेरी आमचाच नंबर राहिला. फोन आला की मी हाक मारायचे, ती धावत यायची आणि जाताना म्हणायची, “तुमचे उपकार, वहिनी.” लाइन चालू होती, हे मी तिला कधीच सांगितलं नाही.