आपल्या भागात न चालणारा खेळ

आर्वीत बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं ताडपत्री, बारदाना आणि सुतळीचं दुकान आहे. दोन शटरचं. कापसाच्या हंगामात दोन्ही शटरं मालाने भरलेली असतात, आणि हंगाम सरला की एक जवळजवळ रिकामं पडतं. त्या रिकाम्या शटरमध्ये माझ्या मोठ्या भावाने आठ कॉम्प्युटर मांडून गेम पार्लर काढलं होतं. दोन हजारचं दशक तेव्हा संपत आलं होतं.

दादा दहावीनंतर शाळेत गेला नाही. दुकानात बसायला एक माणूस हवा होता. तो बसला आणि मी शिकलो, इतकी ती साधी गोष्ट. मी वर्ध्याला कॉलेजात असताना तो रोज सकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात माझा डबा द्यायचा. मी पदवीधर झालो, पुढे एम.एस्सी., बी.एड. करून कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागलो, वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला भाड्याची खोली घेतली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून माझा नारळ-शाल देऊन सत्कार झाला, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तो सगळ्यात पुढे होता. तेव्हापासून तो मला मास्तर म्हणतो.

पार्लर ही त्याने स्वतःसाठी मागितलेली पहिली गोष्ट. बाबांनी शटर दिलं, पण अट घालून. "ह्या दिवाळीपर्यंत पाहून घे. जमलं तर तुले वरच्या गल्लीत गोदाम घेऊन देतो मालासाठी, मंग हे शटर तुह्यं. नाई जमलं तर दिवाळीत ताडपत्रीचा ट्रक येते, तो इथं खाली होईन."

सुरुवातीला जमत होतं. नागपूरहून आणलेल्या नकली सीड्यांवर पोरं खेळायची. मग बसस्टँडजवळ दुसरं पार्लर निघालं. तिथे अस्सल गेम होते, आणि अस्सल गेमवर इंटरनेटवरून कुठल्याही गावच्या माणसाशी लढता येत होतं. नकली सीडीवर ते होत नाही. दादाकडची कॉलेजची पोरं एकेक करून तिकडे गेली. जाताना सांगूनही गेली, हा त्यांचा चांगुलपणा.

"दादा, तुमच्या इथं आम्ही आम्हालेच मारून राह्यलो. तिथं चीनचा माणूस मारता येते."

अस्सल गेमची डबी महाग होती. पण त्यातल्याच एका पोराने दादाला सांगितलं की आता डबी लागतच नाही. परदेशातल्या एका साइटवर गेमची नुसती किल्ली विकत मिळते. किल्ली म्हणजे पंचवीसेक अक्षरं आणि आकडे. ते मेलवर येतात, कॉम्प्युटरमध्ये टाकले की गेम आपोआप उतरतो. आणि डबीच्या तिसऱ्या हिश्शात.

दादाचा फोन आला. "मास्तर, तुह्यापाशी ते बँकेचं कार्ड हाय न? आणि इंग्रजी तर हायेच."

मी ती साइट कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि दोनदा वाचली. पृथ्वीच्या गोलाचं चित्र होतं, खाली 'तत्काळ वितरण' असं होतं, समाधानी गिऱ्हाइकांचे अभिप्राय होते. 'भारत' कुठेच नव्हतं, पण 'भारत सोडून' असंही नव्हतं. तेव्हा गणपतीचे दिवस होते. दोन दिवसांनी पितृपक्ष लागणार होता आणि पितृपक्षात आमच्याकडे सुईसुद्धा विकत घेत नाहीत. दादा म्हणाला, आजच घेऊन टाक. मी आठ किल्ल्या घेतल्या. पाच मिनिटांत मेल आली. मी त्याला फोन केला तर तो ओरडलाच.

"उघडली त नाई न?"

"नाही अजून."

"उघडू नको. पितृपक्षात का उघडतं? आणि मंग नवरात्र हाय. दसऱ्याले पूजा करू, सगळ्यांसमोर उघडू."

हे वाचून कोणी हसेल, म्हणून सांगतो. आमच्या धंद्यात ती अंधश्रद्धा नाही, शहाणपण आहे. बारदान्याची, म्हणजे रिकाम्या पोत्यांची, गाठ येते ती सुतळीने शिवलेली असते. ती शिवण शाबूत असेल तोवर माल व्यापाऱ्याचा. आतून पोती कुजकी निघाली, कमी निघाली, तर वादाला तोंड फुटतं. पण शिवण उसवलेली नसेल तर हिंगणघाटचा व्यापारी एक शब्द न बोलता गाठ परत घेतो. त्यामुळे विकायची वेळ येईपर्यंत आमच्याकडे गाठ कोणी उसवत नाही, आणि नव्या मालाची शिवण दसऱ्याला हळदकुंकू वाहून उसवायची, ही आजोबांपासूनची रीत. ती मेल माझ्या इनबॉक्समध्ये ठळक अक्षरांत तशीच पडून राहिली. रोज मी तिला ओलांडून बाकीच्या मेल वाचायचो. मलाही ते योग्यच वाटत होतं.

दसऱ्याला मी आर्वीला गेलो. आठही कॉम्प्युटरला झेंडूच्या माळा होत्या. वहिनीने उंबऱ्यावर रांगोळी काढली होती. बसस्टँडकडे गेलेली पोरं परत आली होती आणि शटरबाहेर चपलांचा ढीग पडला होता. बाबा खुर्ची टाकून बसले होते. नारळ फुटला. दादाने मला पाटावर बसवावं तसं पहिल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाला, "हां मास्तर, उसव."

मी मेल उघडली. किल्ल्या होत्या. पहिली टाकली. पडद्यावर लाल चौकटीत इंग्रजीत एक वाक्य आलं.

"का म्हणते?"

मी दुसरी टाकली. तेच वाक्य. तिसरी.

"अरे पण म्हणते का ते?"

"आपल्या भागात हे चालत नाही म्हणते."

"आर्वीत?"

"भारतात."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मंग कोठी चालते?"

ते मी मेलच्या तळाशी वाचलं. अगदी बारीक अक्षरांत होतं: रशिया आणि शेजारचे काही देश. त्याखाली आणखी एक ओळ: तक्रार असल्यास किल्ली पाठवल्यापासून पंधरा दिवसांच्या आत करावी. ती मुदत पितृपक्षातच संपली होती.

पोरं चांगली होती, कोणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "चला रे, सोनं वाटून येऊ," आणि सगळे आपापल्या चपला शोधू लागले. वहिनी पेढ्यांचं ताट घेऊन त्यांच्या मागे गेली, कारण पेढे तर वाटायचेच होते.

पुढे मी बरंच वाचलं, तेव्हा हा व्यवहार समजला. एकच गेम कंपनी वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या भावाने विकते. जिथे लोकांना परवडत नाही तिथे स्वस्त देते, आणि तो स्वस्त माल दुसरीकडे जाऊ नये म्हणून किल्लीलाच देशाचं कुलूप लावते. मधले लोक स्वस्त देशातून किल्ल्या उचलतात आणि अशा साइटवर ठेवतात. साइट म्हणते, विकणारा वेगळा, आम्ही फक्त जागा दिली. विकणाऱ्याचं खरं नाव नसतं. गेम बनवणारी कंपनी म्हणते, तुम्ही आमच्याकडून घेतलंच नाही. काही किल्ल्या तर चोरीच्या कार्डांवर घेतलेल्या असतात. त्या आधी चालतात आणि मग एके दिवशी मरतात. हे सगळं खरेदीआधी कळायला माणसाला हे विचारायचं असतं हे माहीत असावं लागतं. आमच्या गावात तेव्हा ते कोणाला माहीत होतं?

मी विकणाऱ्याला लिहिलं. मोठ्या विश्वासाने लिहिलं की आम्ही तुमची मेलसुद्धा उघडली नव्हती, माल जसाच्या तसा होता. माझ्या मते हा आमचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता. उत्तर दोन मिनिटांत आलं. प्रिय ग्राहक, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, मुदत पाठवल्याच्या क्षणापासून मोजली जाते. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच वाक्य, शब्दाशब्दाला तसंच. तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही. बँकेत गेलो तर साहेब सौजन्याने म्हणाले, "सर, पैसे तुम्हीच दिले ना? मग आम्ही काय करणार?"

दादा रोज फोन करायचा. "तो मालक कोठी बसते? दुकान कोण्या गावी हाय?"

"दादा, त्याचं दुकान नाही."

"अबे, माल विकते म्हणजे कोठीतरी बसतच असन न! हिंगणघाटले असता त मी गाठ नेऊन त्याच्या ओट्यावर आपटली असती. ओटा त असन?"

मी एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, आणि ओटा कुठे आहे हे मला सांगता येत नव्हतं.

कोजागिरीच्या सुमारास अभियांत्रिकीला शिकणारा एक विद्यार्थी सुट्टीत घरी आला. पार्लर सुरू झालं तेव्हा तोच दादाचं पहिलं गिऱ्हाईक होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "होते, दादा. कॉम्प्युटरले रशियात बसवा लागते."

बाबा पलीकडच्या शटरमधून म्हणाले, "ट्रकनं का एसटीनं?"

त्याने एक प्रोग्राम टाकला. त्यामुळे आमचा कॉम्प्युटर रशियात असल्यासारखं गेम कंपनीला दिसत होतं. किल्ली टाकली आणि ती लागली. आठही लागल्या. मी त्या रविवारी तिथेच होतो. गेमचे नियम मी तेव्हाच उघडून वाचले आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं की असं केलेलं पकडलं गेलं तर खाती कायमची बंद होतात, असं यात स्पष्ट लिहिलंय.

"कवा पकडतेत?"

"ते लिहिलं नाही."

"मंग दिवाळीपर्यंत चालू दे. दिवाळी झाली, बाबा गोदाम देतेत, मंग मी खरी डबी घेतो एकेक. देवाशपथ घेतो. अजून का सांगू तुले?"

मी नियमांचं पान बंद केलं. दुसरं त्याला काय देणार होतो?

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. शटर सकाळपासून भरलेलं असायचं. दादा काउंटरवर उभाच असायचा, बसायला जागा नसायची. गेममधल्या सगळ्या सूचना रशियन भाषेत यायच्या, तर पोरांनी त्यातल्या उलट्यासुलट्या दिसणाऱ्या अक्षरांची वऱ्हाडी नावं पाडली होती. एक जण ओरडायचा, "अबे तो उलटा आर दाब न, काऊन पाहून राह्यला!" बाबा खुर्ची घेऊन या शटरमध्ये यायला लागले. खेळ त्यांना कळत नव्हता, पण पडद्यावरचा सैनिक भिंतीआड लपला की तेही मान खाली घालायचे. एका संध्याकाळी त्यांनी मला फोन करून विचारलं, वरच्या गल्लीतलं गोदाम भाड्याने घ्यावं की विकत. मी म्हणालो, भाड्याने घ्या आधी. "हां, पोरानं जमवलं पण," ते म्हणाले. हे त्यांनी दादाला सांगितलं नव्हतं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी खाती बंद झाली. आठही, एकामागून एक, पोरं खेळत असताना. मी सुट्टीवर घरी आलो होतो आणि पलीकडे बाबांजवळ बसलो होतो. आधी एकाने शिवी दिली, मग दुसऱ्याने, मग खुर्च्या सरकल्या. दादा दारात आला.

"मास्तर, जरा येजो."

मी वाचलं. नियमभंगामुळे खातं बंद केलं आहे, असं होतं.

"नीट वाच. पुन्हा सुरू कवा होते ते असन त्यात. आठ दिवस, महिना, काहीतरी असन."

मी नीट वाचलं. वाक्य लहान होतं. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ 'कायमचं' असा होता आणि त्याचा दुसरा अर्थ मला कुठल्याही शब्दकोशात सापडला नसता. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. लहानपणापासून पत्र, नोटीस, औषधाची चिठ्ठी, जे काही घरात यायचं ते तो माझ्याकडे असंच घेऊन यायचा, आणि मी सांगेन ते मान्य करायचा.

"कायमचं म्हणते," मी म्हणालो.

"कोणाशी बोलता नाई येत?"

"मी लिहितो त्यांना."

मी त्याच दुपारी लिहिलं. आमच्याकडून झालं ते का झालं, कोणी कसं फसवलं, हे शटर म्हणजे माझ्या भावासाठी काय आहे, सगळं लिहिलं. परीक्षेत निबंध लिहिताना घेतली नसेल इतकी काळजी घेऊन इंग्रजी लिहिलं. उत्तर आलं, नम्र होतं, आणि त्यात त्यांनी मला नियमाचा क्रमांक कळवला होता. मग विकणाऱ्याला पुन्हा लिहावं म्हणून साइट उघडली, तर हा विक्रेता आता उपलब्ध नाही असं लिहिलेलं होतं.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर दादाला भांडता तरी आलं असतं. ते एवढंच म्हणाले, "ट्रकवाल्याचा फोन होता. उद्या निघते म्हणे. का सांगू त्याले?"

 वहिनी पडद्यामागे पणत्या धूत होती, ती ओल्या हातांनी दारात आली.

"येऊ द्या," दादा म्हणाला.

ट्रक यायच्या आत त्याने स्वतःच वायरी काढल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "तू नको, करंट लागन," आणि भौतिकशास्त्राच्या मास्तरला त्याने खुर्चीवर बसवून ठेवलं. कॉम्प्युटर पोत्यांत घालून माळ्यावर चढवले. मग हमालांबरोबर ताडपत्रीचे गठ्ठे उतरवायला लागला, आणि उतरवता उतरवता शटर पार दारापर्यंत भरलं.

शेवटचा गठ्ठा लागत होता तेव्हा दोन पोरं सायकलवरून आली. बंद झाल्याचं त्यांना कळलेलं नव्हतं. एक पाय जमिनीवर टेकवून त्यांनी आत डोकावलं.

"दादा, आज सुरू हाय का?"

दादाने खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"नाई रे. ताडपत्री पाह्यजे का?"