तारनाक्याचे जावईबापू

चार माणसं एका शेडमध्ये वर्षभर कोंडली की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे तर पाचवा रोबो होता! आमच्या तारनाक्याच्या लॅबमध्ये विमानाचे पार्ट किती तयार झाले ते विचारू नका, किस्से विचारा. राव सर, म्हणजे आमचे बॉस, इंग्रजीत बोलायचे. मी मराठीतच सांगते, नाहीतर मजा जाते.

आयातीची दारं नुकतीच उघडली होती. राव सरांनी हेड ऑफिसच्या मागे लागून परदेशातून रोबोचा हात आणवला. त्याचं काम एकच. कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगप्रमाणे साच्यावर कार्बन फायबरच्या चिकट पट्ट्या एकावर एक बसवायच्या. मग भट्टीत भाजलं की पार्ट तयार. हाताने दोन महिन्यांचं काम आठवड्यात!

त्याच्यासाठी एसी आला, अख्ख्या शेडमधला एकमेव. मे महिन्यात आम्ही घामाघूम आणि हा गारव्यात! आमचा प्रोग्रॅमर, नांदेडचा जाधव, म्हणाला, "हा रोबो नाही मॅडम, जावई आहे." झालं, नाव पडलं. आमचे फोरमन खाजाभाई वीस वर्षं हाताने पट्ट्या बसवत आलेले. तेही रोज सकाळी दार उघडून विचारायचे, "क्या जावईबापू, मिजाज कैसे है?"

मिजाज बहुधा बिघडलेलेच असायचे!

*

पट्ट्यांचे रोल परदेशातून आले, आमचा डीप फ्रीझर मात्र आला नाही. रोल गार ठेवले नाहीत तर आपोआप कडक होतात. खाजाभाईंनी ते ऑटोत घातले आणि थेट आबिड्सच्या बाजारात, ओळखीच्या आइस्क्रीमवाल्या चाचांकडे नेऊन ठेवले. मी चाचांना बजावलं होतं, फ्रीझरचं झाकण उगाच उघडू नका.

दोन दिवसांनी जाते तर दुकानासमोर गिऱ्हाइकं भांडतायत आणि चाचा फ्रीझरवर मांडी घालून बसलेले!

"आइस्क्रीम नक्को पूछो मियाँ! अंदर हवाई जहाज सो रा!"

*

शेवटी हेड ऑफिसचा धीर सुटला. पत्र आलं: सोमवारी छोट्या विमानाच्या सीटच्या चौकटीचं ड्रॉइंग मिळेल. शनिवारी पाचच्या आत ती तपासणीत पास झाली तर ठीक, नाहीतर रोबो बंगलोरला आणि आमचा विभाग बंद. आम्हा तिघांची बदली झाली असती. खाजाभाई कंत्राटी, त्यांची नोकरीच गेली असती, आणि घरी तीन मुली शिकत होत्या. त्या आठवड्यात मला घास गोड लागला नाही.

बुधवारी चौकट भट्टीतून निघाली. गुळगुळीत, सुरेख आणि उलटी! जाधव एक वजाचं चिन्ह विसरला होता, त्यामुळे उजवी बाजू डावीकडे आली होती. राव सरांनी ती पाच मिनिटं फिरवून फिरवून पाहिली.

"छान झालीय. आता उलटं उडणारं विमान शोधा."

*

गुरुवारी दुसरी चौकट करायला घेतली, तर नवीनच खोड. कोपऱ्यात पट्ट्या उचलल्या जायला लागल्या. जाधवने तीनदा प्रोग्रॅम बदलला, फरक शून्य. खाजाभाई बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "इत्ती जल्दी कायकू कर रा इने? कोने में धीमे चलाओ, दबा के."

जाधवने कोपऱ्यातला वेग कमी केला, दाब वाढवला. पट्टी चिकटून बसली! खाजाभाई खुश. "जावई कू पैली बार कोई डाँटा!"

ज्या मशीनमुळे त्यांच्या हातचं काम कमी होणार होतं, त्यालाच हा माणूस शिकवत होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला, अजूनही वाटतो.

*

शुक्रवारी चौकट भट्टीतून सुलटी निघाली. शनिवारी तपासणीला हेड ऑफिसचे मूर्तीसाहेब आले. हसणं नाही, चहा नाही, हातात फॉर्म. फॉर्ममध्ये एक रकाना होता: 'किती वजनाला तुटली?' तो भरल्याशिवाय सही नाही, हा त्यांचा नियम.

चौकटीवर फळी ठेवून आम्ही वाळूच्या गोण्या चढवायला लागलो. ठरलेलं वजन झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या? तुटू द्या!" मूर्तीसाहेब म्हणाले.

दुप्पट वजन झालं. गोण्या संपल्या. चौकट ढिम्म! साडेचार वाजले. आठवडाभर ती तुटू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेले राव सर आता पुटपुटत होते, "तूट गं बाई, तूट!"

"साब, मैं बैठतूं," म्हणत खाजाभाई वर चढले. मग जाधव. मग साडी सावरत मी. मग बूट काढून राव सर. सगळे कान देऊन ऐकतोय, कुठे करकर होते का. काही नाही! पाचला पाच मिनिटं कमी.

मूर्तीसाहेबांनी घड्याळ पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि फॉर्म घेऊन तेही चढले! पाच जण एकमेकांना धरून गोण्यांवर, आणि चौकट जागची हलायला तयार नाही.

मूर्तीसाहेबांनी खाजाभाईंच्या पाठीवर फॉर्म टेकवला, रकाना भरला आणि खाली सही ठोकली. राव सरांनी मान वाकडी करून वाचलं.

'किती वजनाला तुटली?' यापुढे लिहिलं होतं, "माणसं संपली."