विनोदिनी कंडक्टरची रणगर्जना

गोव्यातल्या लाटंबार्से गावची विनोदिनी मळीक एकोणीस वर्षं सरकारी बसवर कंडक्टर होती. ती ‘मागे सरका!’ म्हणाली की इंजिनाचा आवाजसुद्धा दबायचा.

पणजीच्या एका स्टुडिओत मराठी कार्टून मालिका तयार होत होती. तीनशे वर्षांपूर्वीची एक लढवय्यी ऐन लढाईत विजेच्या लोळात सापडते आणि तलवारीसकट आजच्या बाजारात येऊन पडते, अशी गोष्ट. तिला आवाज द्यायला बाई हवी होती. विनोदिनीने ती जाहिरात पेपरात वाचली आणि सुट्टीच्या दिवशी, घरी कुणाला न सांगता, पणजी गाठली.

काचेच्या खोलीत तिला खुर्चीवर बसवलं. समोर माईक, हातात कागद. तिने वाचलं, पण आवाज कसा तो फुटेचना. दिग्दर्शक शंभू नम्रपणे म्हणाला, “बरं, कळवतो मग.”

विनोदिनी उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

“एकदा उभी राहून बोलू? बसून बोलायची सवयच नाय मला. आणि धरायला कायतरी दांडा द्या.”

शंभू हसला, पण खिडकीच्या पडद्याचा लोखंडी दांडा त्याने आणून दिला. विनोदिनीने तो बसमधल्या दांड्यासारखा डोक्याच्या वर धरला, पाय रोवले. समोरच्या स्क्रीनवर ती लढवय्यी मोटारींच्या गर्दीत एकटी उभी होती.

“सरका मागे! या मातीवर माझं रक्त सांडलंय!”

काच थरथरली. आवाजाच्या यंत्रावरच्या मुलीने कानावरचे हेडफोन उपटून फेकले. शंभू धावत काचेपाशी आला.

“परत म्हणा बाई! तसंच! अगदी तसंच!”

त्या दिवशी तिने सलग चार लढाया मारल्या. घामाने पदर चिंब झाला, तरी ती विचारत होती, “आता कोणाला तुडवायचंय?”

‘आज नवं कार्टून बघा’ एवढंच विनोदिनीने सांगितलं होतं; पहिला भाग लागला तेव्हा ओटीवर वाड्यावरचे सगळे शेजारी जमले. सासू पद्मावती टीव्हीला नाक लावून बसलेली. पडद्यावर तलवार उसळली, गर्जना घुमली, आणि सासू ताडकन उभी राहिली.

“अगो, ही तर आमची विनोदिनी!”

पोरं नाचायला लागली. शेजारची शेवंती टाळ्या पिटत ओरडली, “मार गो, मार त्याका!”

विनोदिनी दाराआड उभी होती. हसू आवरेना, डोळे पुसायलाही सुचेना. सव्वीस भागांचा करार तिने मिळवला होता, आणि दुसऱ्या भागात तर लढवय्यी हत्तीवर चढणार होती.