पायाखालची नावं

मिलिंद गेला हे माझ्या नीट ध्यानात यायच्या आतच तो ‘बॉडी’ झाला होता. कुवेतच्या मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत सकाळी पंपांची पाहणी करताना कोसळला, आणि दुपारी मला ऑफिसातून फोन, “बॉडी कौनसे एअरपोर्ट भेजनी है?” कुवेतमध्ये आपल्या माणसाला अग्नी देता येत नाही. उमेदीची सगळी वर्षं इथे राबलेला माझा मित्र कार्गोतून नाशिककडे गेला.

तेव्हापासून मला हॉलंडमधलं एक छोटं गाव सारखं आठवतंय. तिथल्या कारखान्यात आमच्या रिफायनरीसाठी बनवलेले पंप तपासायला आम्ही दोघं गेलो होतो. सुट्टीच्या दिवशी गावातलं जुनं गॉथिक चर्च बघायला निघालो, तर दारातच या पठ्ठ्याने बूट काढले. थंडी मरणाची! “अरे, देऊळ नाहीये हे,” मी म्हटलं. “आत देवच आहे ना?” मी मान वर करून उंच कमानी आणि रंगीत काचा बघत होतो, हा मात्र खाली. ती सगळी फरशी म्हणजे थडग्यांचे दगड होते, कोरलेली नावं पावलांनी झिजलेली. नावाला पाय लागला की हा वाकून नमस्कार करायचा. मी पोट धरून हसलो. बाहेर बाकावर बूट घालताना म्हणाला, “नशीबवान रे ही माणसं. जगली तिथेच राहिली. आपण कुवेतमध्ये मेलो तर... आपली जागा कुठली?” “तू आधी मोजे बदल,” मी म्हटलं.

राग येतो मला. शोकसभा चहाच्या सुट्टीत उरकली, महबूला वस्तीतल्या त्याच्या खोलीत लगेच दुसरा माणूस आला. आणि मिलिंदचाही राग येतो. दरवर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी कायमचा घरी.

परवा वहिनींचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. “भाऊजी, हे पडले त्या जागेचा फोटो पाठवाल?” आमचे मोबाईल गेटवरच काढून घेतात, आत फोटोला बंदी आहे. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं, नुसतं सांगा. कशी आहे जागा?”

तिथे तापलेली खडी आहे, दोन गंजके पाइप आहेत आणि डोकं उठवणारा तेलाचा वास.

“सावली आहे, वहिनी,” मी म्हटलं. “चांगली सावली आहे.”